समतल चर: माणपासून टूसॉनपर्यंत



गणेशोत्सवानंतरच्या सभेत सामुदायिक बागेतला आपल्या मंडळाचा तुकडा कसा लावायचा यावर बोलणे निघाले आणि मी उत्साहाच्या भरात म्हणून गेलो, "झाडे नंतर, आधी चर खणू." त्यावर एक काकू म्हणाल्या, "पर्माकल्चर का काय म्हणतात ते फॅड ना हे? आम्ही आपले कढीपत्त्याचे रोप आणले आहे, ते कुठे लावू ते सांगा." सगळे हसले, मीही हसलो. मात्र संपादकांनी तेवढ्यावर सोडले नाही. "चराचा इतिहास लिहून द्या, दोन पाने" असे फर्मान निघाले. (दोन पानांची चार झाली आहेत, झेरॉक्सचा खर्च माझ्या नावावर लिहावा.)

मी रसायनशास्त्राचा माणूस. माती आणि पाणी या दोन गोष्टी मला परीक्षानळीत जेवढ्या कळतात तेवढ्याच. पण चर या विषयाशी माझे नाते पदवीच्या आधीचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझी आजी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती तीस वर्षांची होती आणि माझे वडील दहा. तालुक्यात पाऊस मुळातच कमी, त्यात ते साल पूर्ण कोरडे गेले. सरकारने कामे काढली: खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती. आजी आधी खडीवर होती, मग माळावरच्या चराच्या कामावर गेली. खडीपेक्षा चराचे काम बरे, असे ती सांगायची, कारण खडीचे कपरे डोळ्यांत उडत. मुकादम दोरी लावून द्यायचा. पुरुषांनी कुदळ मारायची, बायकांनी घमेल्याने माती खालच्या अंगाला टाकायची. आठवड्याला माप व्हायचे आणि मापात भरेल तेवढीच मजुरी मिळायची. दुपारी सुकडी वाटायचे. वडिलांना ती इतकी आवडायची की दुष्काळ संपू नये असे त्यांना मनातून वाटे. ही गोष्ट त्यांनी आम्हाला फार उशिरा आणि थोडे ओशाळूनच सांगितली. घरात भाकरी व्हायची ती अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची. पुढे मी शिकायला अमेरिकेत निघालो तेव्हा आजी म्हणाली होती, "मिलोच्या देशात चाललास व्हय?"

त्या कामांचे आकडे आज वाचले तरी छाती दडपते. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. यामागे एक जुनी कल्पना होती. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग केला होता: जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला सरकारने ते द्यायचे. दुष्काळात ती कल्पना राज्यभर पसरली. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ साली देशभराचा कायदा झाला त्याच्या मुळाशी हेच होते. आपल्याकडे रोजगार हमी म्हटले की लोकांना खोटी मस्टर आणि अर्धवट रस्ते आठवतात. तेही खरेच आहे. पण माणच्या माळावर माझ्या आजीने खणलेल्या चरांपैकी काही मी लहानपणी पाहिले आहेत. गाळाने निम्मे भरलेले असले तरी त्यांच्या काठाने गवत उभे होते आणि मधला माळ उघडा होता.

आता टूसॉनला येऊ. इथे नोकरी लागली त्या वर्षी एका सहकाऱ्याने मला शहराबाहेर फिरायला नेले. रखरखीत जमीन, क्रिओसोटची झुडुपे, अधूनमधून निवडुंग. चालता चालता एकदम हिरवा पट्टा लागला. जुनी, चांगल्या वाढलेल्या मेस्किटची आणि पालो व्हर्डीची झाडे रांगेत उभी, खाली पालापाचोळा, दोन्ही बाजूंना पुन्हा रखरखाट. मी आत उतरलो तेव्हा पायाला उतार लागला. तो चर होता. रुंद, उथळ, खालच्या अंगाला मातीचा लांबच लांब बांध. सहकारी म्हणाला, "हा मंदीच्या काळातला, १९३० च्या दशकातला." मी काही बोललो नाही, कारण बोलण्यासारखे इतके होते की कुठून सुरू करावे ते कळेना.

१९३० च्या दशकात अमेरिकेचीही अवस्था ७२ च्या महाराष्ट्रासारखीच होती, एकात दोन संकटे. शहरांत काम नाही आणि खेड्यांत माती जागेवर नाही. मधल्या मैदानी राज्यांत नांगरून मोकळी केलेली माती वाऱ्याने उठली ती थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत गेली. ह्यू बेनेट नावाचा मृदाशास्त्रज्ञ १९३५ च्या वसंतात वॉशिंग्टनला सिनेटच्या समितीपुढे साक्ष देत असताना त्या धुळीचे ढग राजधानीवर आले, आणि त्याच एप्रिलमध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला. त्याच्या दोन वर्षे आधी, १९३३ साली, रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर काढली होती. महिना ३० डॉलर पगार, त्यातले २५ परस्पर घरी जायचे. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण त्यात काम करून गेले. झाडे लावली, नाल्यांवर बांध घातले, उतारांवर चर खणले. ॲरिझोनात गिला नदीच्या खोऱ्यात त्यांनी घातलेले छोटे दगडी बांध पुष्कळ आहेत.

एक फरक मात्र नजरेत भरतो. त्या कोअरमध्ये बायकांना प्रवेश नव्हता. काळ्या मुलांच्या छावण्या वेगळ्या आणि आदिवासींसाठी वेगळा विभाग होता. आपल्या दुष्काळी कामांवर मात्र बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यामुळे टूसॉनचा चर बघताना मला तिथे टोपी घातलेली अठरा वर्षांची पोरे दिसत नाहीत. पदर खोचून घमेले उचलणारी आजीच दिसते. इतिहास लिहिताना असे करू नये हे मला मान्य आहे.

या दोन्ही चरांच्या खूप आधीही इथे पाणी अडवले जात होते, हे सांगितले नाही तर लेख अपुरा राहील. टूसॉनच्या खोऱ्यात चार हजार वर्षांपूर्वीच्या शेतीचे पुरावे आहेत. शहराच्या उत्तरेला उतारांवर दगडांचे हजारो छोटे ढीग सापडले आहेत. त्या दगडांखाली ओल टिकवून होहोकाम लोक अगाव्ह म्हणजे घायपाताच्या जातीची झाडे वाढवत. तोहोनो ओ'ओधाम लोक ओढा डोंगरातून उतरून जिथे पसरतो त्या मुखाशीच शेत करत. पावसाळ्यात लोंढा येऊन गेला की ओल्या मातीत बी टाकायचे आणि साठ दिवसांत टेपरी नावाचे मटकीपेक्षा थोडे मोठे कडधान्य काढायचे. पावसाळा म्हणजे खराखुरा पावसाळा. इथले लोकही त्याला मॉन्सूनच म्हणतात आणि जुलै लागला की आपल्यासारखेच आकाशाकडे बघतात. फक्त पाऊस वर्षाला २८० मिलिमीटरच्या आसपास. माणच्या लोकांना दुष्काळी म्हणणाऱ्यांनी इथे येऊन बघावे.

आता मूळ मुद्दा. चर सगळे सारखेच दिसतात, पण त्यांत दोन जाती आहेत. एक पाणी घालवणारा आणि एक पाणी थांबवणारा. तळाला थोडा जरी उतार असला तरी तो गटार होतो. तळ अगदी समतल असेल तर पाणी कुठेच जाऊ शकत नाही, ते पसरते आणि जमिनीत उतरते. इंग्रजीत स्वेल हा शब्द दोन्हींना वापरतात आणि त्यातून फार घोटाळा होतो. इथल्या रस्त्याकडेचे स्वेल बहुतेक पाणी घालवणारे असतात. आपल्या मराठी सरकारी कागदात मात्र नाव चोख आहे: सलग समतल चर. नावातच सगळे आले.

हा फरक किती महाग पडू शकतो याची गोष्ट झिंबाब्वेतली आहे. तो देश ऱ्होडेशिया असताना तिथल्या गोऱ्या सरकारने काळ्या शेतकऱ्यांना उतारावर चर-बांध काढण्याची सक्ती केली होती. हेतू धूप थांबवण्याचा होता, पण चरांना उतार दिलेला. माती थोडी वाचली आणि पाणी मात्र शेताबाहेर निघून गेले. जिथे आधीच पाऊस कमी तिथे ही पद्धत! झ्विशावाने भागातल्या झेफानिया फिरी यांची रेल्वेतली नोकरी राजकारणामुळे १९६४ साली गेली. हाती उरली ती साधारण आठ एकर खडकाळ उताराची जमीन. त्यांनी काय केले, तर त्या सरकारी चरांतच ठिकठिकाणी खोल खड्डे घेतले. चर नियमाप्रमाणे जागच्या जागी, पण त्यातले पाणी खड्ड्यात थांबे. वरच्या खडकावरून येणाऱ्या पाण्याला दगडी बांधांनी सावकाश केले आणि खाली तळी धरली. नियमाविरुद्ध ओलीत शेती केली म्हणून त्यांना अटकही झाली होती. हळूहळू विहिरीचे पाणी वर आले, केळी लागली, लोक बघायला येऊ लागले. फिरी २०१५ साली गेले. या माणसाकडे कुठलीही पदवी नव्हती, पण पाऊस पडताना तो बाहेर उभा राहून पाणी कुठून कुठे जाते ते बघत असे. आम्हा पदवीवाल्यांपैकी पाऊस आला की बाहेर जाणारे किती?

आपल्याकडेही सरकारी बांधांचा अनुभव मिश्र आहे. मुंबई इलाख्यात कोरडवाहू शेतीवर संशोधन १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला सुरू झाले, १९३३ मध्ये सोलापूरला केंद्र निघाले. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्याने समपातळी बांध घालण्याला जोर आला आणि स्वातंत्र्यानंतर लाखो एकरांवर ते घातले गेले. हलक्या, मुरमाड जमिनीत ते चांगले चालले. खोल काळ्या जमिनीत मात्र पंचाईत झाली. काळी माती ओली झाली की फुगून दार लावल्यासारखी बंद होते, पाणी बांधाला तुंबते, पीक पिवळे पडते. उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात आणि पहिल्या वळवात बांध फुटतो. शेतकऱ्यांनी कित्येक ठिकाणी स्वतःच बांध फोडले आणि साहेबांनी त्यांना अडाणी ठरवले. मातीच्या रसायनशास्त्राच्या दृष्टीने शेतकऱ्यांचे बरोबर होते.

मग पर्माकल्चरचे काय? तो शब्द बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांचा, पुस्तक १९७८ सालचे. मॉलिसन टास्मानियाचे. कोळी, लाकूडतोड्या, मग विद्यापीठात शिक्षक असा त्यांचा प्रवास. त्यांच्याही आधी ऑस्ट्रेलियात पी. ए. योमन्स होऊन गेले. हे खाणकामातले, धातूंची कस लावणारे गृहस्थ, म्हणजे जवळजवळ माझ्याच धंद्यातले. १९४३ मध्ये त्यांनी सिडनीजवळ जमीन घेतली आणि पुढच्याच वर्षी गवताच्या वणव्यात त्यांचा मेहुणा तिथे जळून गेला. पाणी जमिनीतच धरून ठेवले तर आग अशी पसरणार नाही, या विचाराने त्यांनी उताराच्या रेषा, तळी आणि खोल नांगरट यांची एक पद्धत बसवली आणि १९५४ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. मॉलिसन यांनी योमन्सचा विचार घेतला, त्यात झाडे घातली आणि चराच्या काठाने फळझाडे, शेंगांची झाडे, वेली अशी जंगलासारखी थरांची लागवड मांडली. १९९१ च्या त्यांच्या दूरचित्रवाणी मालिकेत ते टूसॉनजवळच्या त्याच जुन्या चरांत उतरून बोलताना दिसतात. एवढे मात्र स्पष्ट म्हणतो: मॉलिसन यांनी चर शोधून काढला असे इथल्या पुष्कळ उत्साही मंडळींना वाटते, आणि ते चूक आहे. त्यांचे श्रेय जोडण्याचे आहे, आणि तेही काही थोडे नाही.

टूसॉन शहर पावसाच्या पाण्याकडे कसे वळले ही गोष्ट मला सर्वात आवडते, कारण तिच्यात रसायनशास्त्र आहे. शहर अनेक दशके निव्वळ भूजलावर जगले. सांताक्रूझ नदी कोरडी पडली, विहिरींची पातळी खाली खाली गेली. मग कोलोरॅडो नदीचे पाणी ३३६ मैलांच्या कालव्याने, सुमारे २,९०० फूट वर चढवून आणले. नोव्हेंबर १९९२ मध्ये ते निम्म्या शहराच्या नळाला आले आणि नळातून तांबूस गंजाचे पाणी यायला लागले! कपडे डागाळले, हीटर गेले, जुने नळ फुटले. पाणी स्वतः घाण नव्हते. जुन्या लोखंडी नळांच्या आतल्या अंगाला गंजाचा आणि क्षारांचा थर अनेक वर्षे विहिरीच्या पाण्याशी जुळवून घेऊन बसला होता. नव्या पाण्यात क्षार जास्त, त्याचा स्वभाव वेगळा, काही नळांत तर वाहण्याची दिशाही उलटी. बसलेला थर सुटला. १९९४ मध्ये ते पाणी बंद करावे लागले, १९९५ मध्ये मतदारांनी थेट पुरवठ्याला बंधन घातले. शेवटी तोडगा निघाला तो आपल्या पाझर तलावाचाच: कालव्याचे पाणी शहराच्या पश्चिमेला अव्हरा व्हॅलीत उथळ खड्ड्यांत सोडायचे, जमिनीत मुरवायचे, भूजलात मिसळू द्यायचे आणि मग उपसायचे. २००१ पासून ते मिश्र पाणी येऊ लागले. म्हणजे विद्यापीठे, अभियंते, कोट्यवधी डॉलर यांनी फिरून फिरून पाणी जिरवा या गोष्टीशीच येऊन टेकायचे.

त्याच सुमारास शहरातल्या डनबार-स्प्रिंग नावाच्या जुन्या वस्तीत ब्रॅड लँकेस्टर या तरुणाने वेगळा उद्योग केला. तो १९९५ मध्ये झिंबाब्वेत जाऊन झेफानिया फिरींना भेटून आला होता. परतल्यावर १९९६ पासून त्याने शेजाऱ्यांना घेऊन रस्त्याच्या कडेने देशी झाडे लावायला सुरुवात केली, आणि मग रस्त्याच्या कडेचा सिमेंटचा कठडा ठिकठिकाणी कापला, म्हणजे गटारात जाणारे रस्त्यावरचे पाणी झाडांच्या आळ्यांत शिरेल. आधी ते नियमात बसत नव्हते, पुढे नगरपालिकेने मान्य केले. २००८ साली टूसॉनने ठरावच केला की नव्या व्यापारी इमारतींनी बागेच्या पाण्यातला निम्मा हिस्सा पावसाच्या पाण्यातून काढायचा, आणि तो २०१० पासून लागू झाला. (शेजारच्या कोलोरॅडो राज्यात घरच्या छपराचे पाणी पिंपात धरायलाही २०१६ पर्यंत सर्वसाधारण घरांना मनाई होती. आता दोन पिंपे चालतात. पाण्यावर खालच्या हक्कदाराचा आधीचा हक्क म्हणून!) त्या वस्तीत आज मेस्किटच्या शेंगा रस्त्यावर वेचायला मिळतात आणि लोक त्या दळून पीठ करतात. मेस्किट ही आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण, हे तिथल्या एका बाईंना मी सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना.

हे सगळे वाचून झाल्यावर मी माझ्या परसात स्वतः चर खणला आणि तो साफ फसला, हेही लिहायला हवे. तीस फूट लांबीचा चर मी नजरेने समतल केला. पीएच.डी.चा आत्मविश्वास. जुलैच्या पहिल्या वादळात सगळे पाणी एका टोकाला जमले, बांध फुटला आणि शेजाऱ्यांच्या अंगणातली नवी खडी रस्त्यापर्यंत वाहून गेली. नंतर मोजले तर एका टोकाला तीन इंच उतार निघाला. तीस फुटांत तीन इंच डोळ्याला दिसत नाहीत, पाण्याला दिसतात. शेजारी भले, त्यांनी दोन शनिवार माझ्याकडून खडी भरून घेतली आणि विषय संपवला. वडिलांना फोनवर सांगितले तर ते म्हणाले, "अरे, गवंडी काय नजरेने भिंत बांधतो का? नळी घे." तेव्हापासून मी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी बघतो. दुसरा उपाय म्हणजे तीन काठ्यांची ए अक्षरासारखी चौकट आणि मधोमध ओळंबा. खर्च जवळजवळ शून्य.

त्या चुकीतून आणखी दोन गोष्टी समजल्या. एक, सांडवा. चर कितीही मोठा असो, एक दिवस त्याच्यापेक्षा मोठा पाऊस येतोच, तेव्हा जास्तीचे पाणी कुठून आणि कुणाकडे जाणार ते आधी ठरवून तिथे दगड बसवायचे. दुसरी, कॅलिची. इथे फूट-दोन फुटांवर चुन्याचा टणक थर लागतो. पावसाचे पाणी वरचा चुना विरघळवून खाली नेते आणि पाणी सुकले की तो तिथेच जमतो, हजारो वर्षे. हा थर सलग असेल तर चर म्हणजे नुसते डबके. म्हणून आधी एक फूट खोल खड्डा घेऊन पाण्याने भरावा. एका दिवसात जिरले तर पुढे जावे, नाहीतर पहार लागेल. डबके राहिले तर डास होतात, आणि डेंग्यूचा डास टूसॉनमध्येही आहे.

आपल्या तुकड्यावर मी हे दोन्ही केले आहे. खड्ड्यातले पाणी नऊ तासांत जिरले. वरच्या अंगाला जो उतार आहे तो सुमारे २८० चौरस मीटर. एक इंच पाऊस पडला तर त्यावर ७,१०० लिटर पडते. निम्मे तिथेच मुरेल असे धरले तरी साडेतीन हजार लिटर खाली येईल. ६० फूट लांब, ३ फूट रुंद आणि मध्ये एक फूट खोल चरात साधारण तेवढेच मावते. हिशेब जुळला म्हणून मी खूष होतो.

मग गेल्या महिन्यात खालच्या तुकड्यावरच्या आजीबाई भेटल्या. त्या सोनोराकडच्या, बारा वर्षे तिथे मका आणि टेपरी लावतात. मी दोरी लावत होतो. त्यांनी शांतपणे विचारले, "हे पाणी मग माझ्या मक्याला कुठून येणार?" मला उत्तर आले नाही. त्यांच्या कोपऱ्यात मका का चांगला येतो ते त्या क्षणी समजले. आपल्या वरचे पाणी बारा वर्षे त्यांच्याकडेच जात होते.

समितीत यावर मतभेद झाले, हे आपण जाणताच. "जागा आपली, भाडे आपण भरतो, पाणी आपले" असे काहींचे म्हणणे पडले. कायद्याने ते कदाचित बरोबरही असेल. पण मला नायगाव आठवते. ७२ च्याच दुष्काळानंतर पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले, देवस्थानची ४० एकर उजाड जमीन कराराने घेतली, तिथे चर, बांध, पाझर तलाव केले आणि पाणी आणून दाखवले. इथवर ते कुणीही चांगला अभियंता करता. त्यांनी पुढे पाणी पंचायत उभी केली आणि नियम घातला की पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचे. ज्याला जमीन नाही त्यालाही हिस्सा. ऊस लावायचा नाही. साळुंखे २००२ साली गेले, आणि त्यांचा नियम फार थोड्या ठिकाणी टिकला, कारण तो पाळायला कठीण आहे. हिवरे बाजारला पोपटराव पवारांनी १९८९ नंतर डोंगरावर समतल चर काढले त्याबरोबर शेतीसाठी विंधन विहिरींवर बंदी घातली, ती याच कारणासाठी. चर वर खणायचे, पाणी खाली मुरणार, आणि खाली ज्याचा पंप मोठा तो ते सगळे उपसणार असे झाले तर वर घमेली वाहणाऱ्या बायांनी कशासाठी राबायचे? माझी आजी ज्या माळावर राबली तिथल्या खालच्या विहिरी कुणाच्या होत्या, हे मी तिला कधी विचारले नाही. वडिलांना विचारले. ते म्हणाले, "आपली नव्हती."

तर समितीपुढे माझी सूचना अशी ठेवली आणि ती बहुमताने मान्य झाली आहे. चर ६० ऐवजी ४० फुटांचा करायचा. सांडवा पूर्वेच्या टोकाला, थेट आजीबाईंच्या मक्याच्या दिशेने. पहिला पावसाळा गेल्यावर त्यांच्या कोपऱ्याची ओल आणि आपली ओल दोन्ही मोजायच्या. त्यांना पाणी कमी पडले असे निघाले तर सांडव्याचा दगड दोन इंच खाली घ्यायचा. आजीबाईंना हे दुभाष्यामार्फत सांगितले. त्या "बघू" म्हणाल्या. तेवढ्यावर मी तूर्त समाधानी आहे.

झाडांबद्दल. बांधाच्या खालच्या अंगाला डाळिंब आणि अंजीर. स्पॅनिश पाद्र्यांच्या काळापासून ती इथे रुळलेली आहेत. मध्ये दोन मेस्किट, सावलीसाठी आणि जमिनीत नत्र धरण्यासाठी. शेवगा लावू, पण थंडीत तो वरून जळतो आणि उन्हाळ्यात बुडातून फुटतो, तेव्हा घाबरून उपटू नये. चराच्या तळात बुंधा कुणीही लावू नये, कुजेल. कढीपत्ता कुंडीतच बरा, काकूंनी रागावू नये. डिसेंबरात त्याला घरात घ्यावे लागते.

काम पुढच्या दोन शनिवारी, सकाळी सहाला सुरू, नऊला बंद. त्यानंतर ऊन सोसवत नाही. कुदळी दोन आहेत, आणखी तीन हव्यात. टिकाव आणि पहार ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणावी, घमेली मी आणतो. मुलांना आणायला हरकत नाही, पातळीची नळी धरायला दोघे लागतातच. पोहे आणि चहा मंडळाकडून. सुकडी करून बघायची माझी फार इच्छा आहे. कुणाकडे त्या वेळची पाककृती असेल तर कळवावे.